मस्तगडच्या माजींचं विमानतळ

दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "जायचं कशानं?" रेल्वेनं, मोटारीनं, आगबोटीनं, की अलीकडे विमानानं. याचं उत्तर सोपं असतं. हाताशी वेळ किती आणि ऐपत किती हे पाहून ते कुणीही देईल. अवघड प्रश्न दुसराच असतो आणि तो गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. तो म्हणजे, उतरायचं कुठं.

१९४८ साली, पोलीस ॲक्शननंतर सगळं सुरळीत झाल्यावर, मी जालन्यात मस्तगडला प्रवासाच्या व्यवस्थेचं दुकान काढलं. तिकिटं काढून देणं, जागा राखणं, धर्मशाळेला आधी कळवणं आणि गरज पडली तर मंडळींबरोबर जाणं, असा हा धंदा. आमच्या वडिलांची वाटूरला शेती. त्यांना माझा धंदा शेवटपर्यंत समजला नाही.

"लोकं सोताच्या पायानं जात्यात. त्याच्यात तू काय करून राह्यला?" असं ते विचारत.

"कुठं थांबायचं ते सांगतो," मी म्हणे.

"मंग ते तं बैलालाबी कळतं."

बैलाला कळतं आणि माणसाला कळत नाही, असा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. जांब समर्थला दर्शनाला येणारी बाहेरगावची मंडळी नकाशा पाहून परतूरला उतरतात, कारण नकाशावर ते जवळ दिसतं. कोरड्या दिवसांत ते चालूनही जातं. पावसाळ्यात मात्र काळ्या रानात गाडीचं चाक आसापर्यंत रुततं, आणि जालन्याला उतरून अंबडवरून मोटारीचा लांबचा फेरा घेणारा आधी देवळात पोचतो. वाटूरच्याच एका पाटलांनी मला न विचारता काशीयात्रा ठरवली आणि गर्दीबरोबर गंगेपलीकडच्या मोगलसरायला उतरले. परत आल्यावर दुकानात बसून म्हणाले, "नाराणराव, आम्ही काशीला गेल्तो, पर काशी तिथं न्हाई."

उतरण्याचं ठिकाण ठरवताना अंतर सगळ्यात शेवटी पाहायचं. आधी माणूस पाहायचा. गुडघेदुखीवाल्याला पूल चढायला लावणारं मोठं स्टेशन देऊ नये, एक स्टेशन अलीकडे उतरवून टांगा करून द्यावा. हे कुठल्याही वेळापत्रकात छापलेलं नसतं.

दुसरी अडचण पंचांगाची. आमच्याकडचे शेतकरी काय आणि तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून येऊन इथले झालेले व्यापारी काय, दिशाशूळ सगळेच मानतात. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला निघू नये, मंगळवारी आणि बुधवारी उत्तरेला, असा तो नियम आहे. रेल्वे हा नियम पाळत नाही. म्हणून उपाय असतात. मंगळवारी निघायचंच असेल तर गूळ खाऊन निघावं, बुधवारी धने, सोमवारी आरशात तोंड पाहून निघावं. माझ्या प्रवासाच्या पिशवीत या तिन्ही वस्तू कायम असतात. मुहूर्त आणि गाडी यांचा मेळ बसलाच नाही, तर मुहूर्ताच्या वेळी तांदूळ, सुपारी आणि एक वस्त्र यांची पोटली दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची आणि नंतर तिथूनच निघायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. हे दुसरं घर बहुतेक वेळा माझंच असे. लग्नसराईनंतर आमच्या कोनाड्यात पोटल्यांची रांग लागे आणि सौ. म्हणे, "हे घर आहे की स्टेशनावरचं सामानघर?"

माझा या सगळ्यावर विश्वास आहे की नाही, हे मला कुणी विचारलं नाही. गाडीची वेळ पाळावी तसा गिऱ्हाइकाचा नियम पाळावा, इतकं मला कळतं.

विमानं आल्यावर लोकांना वाटलं, आता हा प्रश्न संपला. विमान थेट गावात नेऊन सोडतं. तसं नसतं. विमानतळ हेही शेवटी एक स्टेशनच आहे, आणि ते चुकलं तर टांगासुद्धा मिळत नाही. याची जी एक हकिकत मला राहून राहून आठवते, ती सांगतो.

नवे पैसे सुरू झाले त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या गल्लीतले बन्सीलालजी रुईचे व्यापारी. हंगाम संपला आणि ते दुकानात आले.

"नारायणराव, माजींना पशुपतिनाथ करवायचंय. नेपाळ. परदेशाची सैर पण होईल. पाटण्याहून विमान, काठमांडूला उतरलं की मंदिर बाजूलाच. बोला, बराबर आहे ना?"

बरोबर होतं. काठमांडूच्या विमानतळाहून मंदिर खरोखरच जवळ आहे. त्या जागेला तिथले लोक गौचर म्हणतात, म्हणजे आपलं गायरान. बन्सीलालजींना ते ऐकून थोडं वाईट वाटलं. परदेशात जाऊन गायरानात उतरायचं हे त्यांना पटलं नाही. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, हे तर मी त्यांना त्या दिवशी सांगितलंच नाही.

माझी एक सवय आहे. तिकीट कुणीही काढो, ज्याला प्रवास करायचा त्याला मी एकदा भेटतो. खाणं, पथ्य, झोप विचारून घेतो. माजी, म्हणजे बन्सीलालजींच्या आई, माडीवरच्या सज्जात बसल्या होत्या. त्यांची नजर चालली होती. डोळ्याच्या मागचा पडदा झिजतोय, त्याला शस्त्रक्रिया नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. हातभर अंतरावरचं त्यांना अजून बऱ्यापैकी दिसे. लांबचं मात्र विरघळून गेलं होतं.

"नाराण, ये. तू तिकीट काढून राह्यला म्हणे माझं."

"काढायचंय अजून. काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा."

त्यांनी जिन्याकडे कानोसा घेतला. मग म्हणाल्या, "मंदिर ठीक आहे. देव घरी बी आहे. मला बरफाचा पहाड पाहायचाय. वाळूच्या मुलखातून लग्न होऊन आले, काळ्या मातीत जिंदगी गेली. पांढरं म्हणून काय पाहिलं असंल तं कापूस. डाक्टर म्हणतो, पुढच्या दिवाळीला पणती पेटली का न्हाई ते चटका बसल्यावर कळंल."

"बन्सीलालजींना माहीत आहे हे?"

"त्याला नको सांगू. देवासाठी पोरगा नेतो. पहाडासाठी कोण नेतं?"

"माजी, मी गिऱ्हाइकापासून काही लपवत नाही."

"मंग गिऱ्हाईक कोण आहे? मी का तो?"

गिऱ्हाईक कोणीही असो. पण काम बदललं होतं, हे नक्की. काठमांडूहून बर्फाचे डोंगर दिसतात, पण फार दूर, क्षितिजावर चुन्याची रेघ ओढावी तसे. चांगल्या डोळ्याच्या माणसाचंही समाधान व्हायला तिथं हवा स्वच्छ लागते. माजींना ती रेघ दिसली नसती. मंदिराजवळ उतरल्या असत्या आणि ज्यासाठी निघाल्या ते न पाहता परत आल्या असत्या. आणि पुन्हा जाण्यात पुढच्या वर्षी काही अर्थ उरणार नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी माजींना घेऊन जिनिंगच्या कारखान्याकडे गेलो. बरोबर बन्सीलालजींच्या पत्नी गुलाबबाई होत्या. कारखान्याचं धुराडं गल्लीतलं सगळ्यात उंच बांधकाम. त्याची उंची मी सावलीवरून काढली. मग माजींना धुराड्याजवळ उभं केलं आणि हळूहळू मागं नेत गेलो. धुराड्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतर झालं आणि त्या म्हणाल्या, "गेलं." पुन्हा पुढं आणलं तर म्हणाल्या, "आलं." तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

"लोकं पाहून राह्यलेत," गुलाबबाई हळूच म्हणाल्या. "त्यांना वाटतंय, माजी कारखाना खरेदी करतात."

संध्याकाळी मी बन्सीलालजींपुढे सगळं मांडलं. आईंना काय पाहायचंय तेही सांगितलं आणि हिशेबही. सहा हात अंतराला एक हात उंची असेल, तर त्यांना दिसतं. काठमांडूहून सर्वांत ठळक डोंगर घेतला, त्याच्या उंचीतून जागेची उंची वजा केली आणि अंतराशी ताडून पाहिलं, तर दहा हातांना एक हात पडतो. नापास. नेपाळातच पोखरा म्हणून गाव आहे. तिथं एक शिखर गावाच्या डोक्यावरच उभं आहे. ते साडेचार हातांना एक हात पडतं. पास. तेव्हा काठमांडूला नंतर जायचं, आधी विमानानं पोखऱ्याला उतरायचं.

बन्सीलालजींनी हातातली वही मिटली. "माँनं मला का न्हाई सांगितलं?" एवढंच म्हणाले. मग व्यापारी जागा झाला. "तुम्ही कापसातून रुईचा उतारा काढावा तसा पहाड काढला. डाक्टर लोक हसतील."

"हसतील. पण दुसरं मोजमाप माझ्याकडे नाही."

"मंग काढा पोखऱ्याचं."

लहान विमानात सामानाबरोबर माणसालाही तोलतात, हे मी मंडळींना आधीच सांगून ठेवतो. तिथं ऐनवेळी धक्का बसू नये म्हणून बन्सीलालजींनी मोंढ्यातल्या, म्हणजे बाजारातल्या, काट्यावर घरचीच तोलणी ठरवली. माजी निमूट पारड्यात बसल्या. मापाड्यानं सवयीनं वजन मोठ्यानं पुकारलं आणि वर बारदान वजा करू का म्हणून विचारलं. गुलाबबाई तिथूनच घरी निघून गेल्या. त्यांचं वजन मोंढ्याला आजतागायत अंदाजानंच माहीत आहे.

फाल्गुनात माजी, बन्सीलालजी, गुलाबबाई आणि मी असे निघालो. मनमाडला गाडी बदलून गोरखपूर, तिथून सीमेजवळ नौतनवा आणि पलीकडे भैरहवा. तिथल्या मैदानावरून पोखऱ्याला विमान जाई. ही दिशा उत्तरेची, म्हणून मी मंगळ आणि बुध टाळून गुरुवार धरला होता. पोखऱ्याहून काठमांडू पूर्वेला, तिथं रविवार धरला होता. वेळापत्रक आणि पंचांग इतकं नीट जुळलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

विमान उतरण्यापूर्वी मैदानातल्या गाई हाकलून लावल्या गेल्या. हेही गायरानच. आम्ही उतरलो. बन्सीलालजींनी आईचा हात धरला आणि आम्ही चौघं उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलो.

समोर काही नव्हतं.

म्हणजे राखाडी धुरकट हवा होती. त्या दिवसांत तिथले लोक डोंगरउतारावरचं गवत जाळतात आणि पाऊस पडेपर्यंत तो धूर खोऱ्यात कोंडून राहतो, हे आम्हाला ज्याच्या माडीवर मुक्कामाला जागा मिळाली त्या दुकानदारानं सांगितलं. मी उंची मोजली होती, अंतर मोजलं होतं. धूर मोजला नव्हता.

"कुठं आहे, नाराण?" माजींनी विचारलं.

"समोरच आहे."

"तुला दिसून राह्यलंय?"

"नाही."

"मंग आपण सारखेच," त्या म्हणाल्या आणि माडीवर जाऊन जपमाळ घेऊन बसल्या.

शुक्रवार तसाच गेला, शनिवारही. बन्सीलालजी रोज पहाटे उठून गच्चीवर जात आणि खाली येऊन मला म्हणत, "तुमचा हिशेब बराबर. पहाड गैरहजर." रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त नोंद करत होते.

रविवारी धुरामुळे विमान आलंच नाही. ते आलं सोमवारी सकाळी. हवा वर जरा मोकळी होती, खोऱ्यात मात्र तेच. वैमानिक उंच, दाढीवाला पंजाबी. त्यानं घड्याळ दाखवलं आणि सामान चढवायला सांगितलं. आता दिशा पूर्वेची आणि वार सोमवार. मी पिशवीतून आरसा काढून माजींच्या हातात दिला.

"माजी, सोमवारचा उपाय. आरशात तोंड पाहा आणि चला."

त्यांनी आरसा घेतला. डोळ्यांजवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"नाराण, याच्यात कोण आहे?"

"तुम्हीच आहात."

"मला तं कोणीच दिसून न्हाई राह्यलं."

"माँ, हात लाव आरशाला अन् चल जल्दी," बन्सीलालजी म्हणाले. "विमान थांबलंय."

"गूळ असता तं खाल्ला असता. धने असते तं चावले असते. इथं पाहायचंय. दिसल्याबिगर पाहिलं कसं म्हणू? अपशकुन घेऊन पशुपतिनाथाच्या दारी जाऊ का?"

वैमानिक जवळ आला. "माताजी, चलना है कि नहीं?"

"पूछो इनको," माजी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "हिशेबाचा माणूस आहे. हा सांगंल तसं."

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. आदल्याच दिवशी माजींनी माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण ओळखलं होतं आणि सुनेला ते शिवायला लावलं होतं. हातातल्या आरशात त्यांना तोंड दिसत नव्हतं, हे मला पटणं शक्य नव्हतं. त्यांचा चेहरा अगदी शांत होता.  हे विमान गेलं तर पुढचं गुरुवारी. काठमांडूची राखलेली जागा जाणार, परतीची सगळी साखळी तुटणार आणि ती बांधायची मलाच. उलट, माजी विमानात बसल्या तर त्यांचा पहाड कायमचा राहिला. आणि थांबूनही तो दिसेलच, असं सांगायला माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

मी म्हणालो, "बन्सीलालजी, उपाय झाला की नाही हे ज्यानं केला त्यालाच कळतं. माजी म्हणतात, झाला नाही. मला त्यात काही सांगता येत नाही."

बन्सीलालजींनी बायकोकडे पाहिलं.

"मी बी आज आरसा पाहिला न्हाई," गुलाबबाई म्हणाल्या आणि गाठोड्यावर बसल्या.

विमान गेलं. गाई मैदानात परत आल्या. दुपारी बन्सीलालजी माझ्याजवळ येऊन इतकंच म्हणाले, "माँ लहानपणी मला खोटं बोललो की मारायची."

तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडून काळं आभाळ आलं आणि गारा पडायला लागल्या. पत्र्यावर असा आवाज की शेजारचं बोललेलं ऐकू येईना. माजींनी ओसरीतून हात बाहेर काढला. गार हातात पडली तशी ती मुठीत धरून विरघळेपर्यंत बसल्या. "एवढासा बरफ बी थंड आहे," असं काहीतरी म्हणाल्या. मग पाऊस लागला.

मंगळवारी सकाळी मला बन्सीलालजींच्या आवाजानं जाग आली. ते जिन्यावरूनच ओरडत होते. मी खाली आलो तेव्हा ते आईला हाताला धरून मैदानात नेत होते, पायात चपला नव्हत्या, दोघांच्याही.

धूर धुऊन गेला होता. शिखर समोर उभं होतं. मी त्याचं वर्णन करणार नाही, कारण ज्यांनी पाहिलं त्यांना गरज नाही आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी वाटूरच्या पाटलांसारखं भलतीकडे उतरवीन.

माजी समोर पाहत होत्या. "कुठं?" त्या म्हणाल्या.

"माँ, हा काय समोर!"

"कुठं रे?" त्यांचा आवाज बदलला. बन्सीलालजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटतं, माझाही पडला असावा. सहा हातांना एक हात, तीनदा मोजलेलं.

मग माझ्या लक्षात आलं की माजी जालन्याचा डोंगर शोधत होत्या. आपल्याकडे डोंगर पाहायचा तर सरळ पाहतात, झाडांच्या शेंड्यांइतकं.

"माजी, वर पाहा," मी म्हणालो.

त्यांनी मान थोडी उचलली.

"अजून वर."

त्यांनी अजून उचलली आणि मान तिथंच थांबली. तोंड किंचित उघडं राहिलं. गुलाबबाईंनी डोक्यावरून घसरलेला पदर सावरून दिला, तेही त्यांना कळलं नाही.

"हा तं आभाळात आहे," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "बन्सी, तुला बी दिसून राह्यलंय ना?"

"दिसून राह्यलंय, माँ."

"मंग खरं आहे."

ढग येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. गाई आजूबाजूला चरत होत्या. माडीवर परत येताना त्यांनी कमरेला खोचलेला आरसा काढून मला दिला. "हा घे तुझा. कोपऱ्याला बारीक तडा गेलाय, बदलून टाक."

तडा होता. केसासारखा. मी तोवर पाहिला नव्हता.

गुरुवारी विमान मिळालं. काठमांडूला पशुपतिनाथाचं दर्शन झालं. गर्दीत गाभाऱ्यातलं माजींना काही दिसलं नाही. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला मी दिसले असंल. बस." परतीची साखळी मी पुन्हा बांधली. त्याचा त्रास इथं सांगण्यासारखा नाही.

आपला हिशेब बरोबर आला की माणसाला बरं वाटतं. डॉक्टरांचाही बरोबर आला. दिवाळीला माजींना पणती दिसली नाही.

अजूनही नेपाळला जाणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी एखाददुसरं येतं. हल्ली लोक माहितीपत्रक वाचूनच येतात आणि मंदिरापासून विमानतळ किती जवळ, तेवढं विचारतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. गल्लीच्या टोकाला माजींच्या सज्जाखाली नेतो आणि वर हाक मारतो, "माजी, पहाड पाहायला निघालेत."

त्या चाचपून काठी घेतात, कठड्यावर टेकवतात आणि टोक वर उचलतात. "खाली पाहशील तं चुकशील," त्या गिऱ्हाइकाला सांगतात. "मान इथपर्यंत वर कर."

एकदा गिऱ्हाईक निघून गेल्यावर मी समोरच्या ओट्यावर उभा राहिलो आणि काठीचं टोक शेजारच्या भिंतीवरच्या विटांच्या थरांशी ताडून पाहिलं. काठी आडवी किती जाते, उभी किती चढते. माजींना मी तिथं आहे हे माहीत नव्हतं. काठी अजून वर धरलेलीच होती.

साडेचारांना एक आलं.